धावेपासून हवेपर्यंत

बैलगाडीच्या लाकडी चाकावर बाहेरून चढवलेल्या लोखंडी कड्याला धाव म्हणतात. दगडगोट्यांच्या वाटेवर चाकाचे लाकूड झिजू नये, फुटू नये, यासाठी महाराष्ट्रात हाच उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. सुतार बाभळीच्या लाकडाचा तुंबा, आरे आणि पाटे जुळवून चाक उभे करी. लोहार चाकाच्या घेरापेक्षा किंचित तोकडी धाव घडवून ती गोवऱ्यांच्या जाळात लाल करी. तापून फुगलेली धाव सांडशीने उचलून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचे. लोखंड आकसले की सगळे सांधे एकदम आवळले जात. उन्हाळ्यात मात्र लाकूड वाळून धाव ढिली पडे, म्हणून गाडीवान चाके ओढ्याच्या पाण्यात भिजत ठेवत. वाटेवरच्या चाकाची निगा हा विषय मोटारीपेक्षा असा बराच जुना आहे.

तरी दख्खनमधली लांब पल्ल्याची मालवाहतूक फार काळ चाकावर नव्हतीच. ती लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून होई, कारण घाटवाटा चाकाच्या उपयोगाच्या नव्हत्या. शेतातल्या आणि गावालगतच्या कामाला भरीव लाकडी चाकांचे जड गाडे असत. 1830 मध्ये मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. पुढच्या काही दशकांत रस्ते वाढले, तशी आऱ्यांच्या चाकांची हलकी गाडी सर्वत्र पसरली. धावेचे आणि खडीच्या रस्त्यांचे वैर तिथूनच सुरू झाले. धाव अरुंद, त्यामुळे गाडीचे सगळे ओझे दोन बोटे रुंदीच्या पट्टीवर येई. पावसाळ्यात काळ्या मातीत ती खोल रुतायची, कोरड्या दिवसांत रस्त्यावर चाकोऱ्या पाडायची आणि एकदा चाकोरी पडली की मागून येणारी प्रत्येक गाडी तीच आणखी खोल करायची. दगडावरून जाताना धाव स्वतः काहीच सोसत नसे. बसणारा प्रत्येक हिसका आऱ्यांतून कण्यावर, तिथून साटीवर आणि शेवटी जुवाखालच्या बैलाच्या मानेवर जाई.

लोखंडाच्या जागी रबर आणण्याचा विचार चार्ल्स गुडइयरने 1839 मध्ये रबराला गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची रीत शोधल्यावर शक्य झाला. त्याआधीचे रबर उन्हात चिकट होई आणि थंडीत कडक. 1845 मध्ये रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने थेट हवेच्या चाकाचेच पेटंट घेतले. रबर चढवलेल्या कापडाची नळी, तिच्यावर चामड्याचे आवरण आणि आत दाबाने भरलेली हवा अशी त्याची रचना होती. 1847 मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये ही चाके घोडागाड्यांना लावून दाखवण्यात आली. ती आवाज न करता चालली आणि घोड्यांना कमी ओढावे लागले. पण सायकलचा जमाना अजून यायचा होता, मोटारीचा तर त्याहून दूर होता, आणि रबर महाग होते. कल्पना मागे पडली. थॉमसननेही पुढे हवा सोडून भरीव रबर धरले. 1867 मध्ये त्याने रस्त्यावर चालणाऱ्या वाफेच्या इंजिनाच्या चाकांना सुमारे पाच इंच जाडीच्या रबराचा पट्टा चढवला.

ही इंजिने हिंदुस्थानात आली, हे फारसे कुणाला आठवत नाही. आर. ई. बी. क्रॉम्प्टन या तरुण लष्करी अधिकाऱ्याने सरकारचे मन वळवले आणि थॉमसनच्या पद्धतीची इंजिने मागवली. त्यांपैकी ‘चिनाब’ 1871 मध्ये इंग्लंडमधील इप्सविचपासून एडिंबरोपर्यंत आणि परत अशी चालवून तपासण्यात आली. मग पंजाबात ग्रँड ट्रंक रोडवर माणसे आणि माल ओढण्याचा प्रयोग झाला. खडी रबर फाडते, म्हणून पट्ट्याभोवती पोलादी पत्र्यांची साखळी बांधावी लागे. म्हणजे मऊ चाकाला पुन्हा लोखंडाचेच जोडे घालण्याची वेळ आली. रबराचा खर्च आणि वाढत चाललेली रेल्वे यांच्यापुढे हा उद्योग टिकला नाही. क्रॉम्प्टन पुढे विजेच्या क्षेत्रात गेला. महाराष्ट्रातल्या घराघरांत पंख्यांवर दिसणारे नाव त्याचेच.

हवेचे चाक दुसऱ्यांदा जन्मले ते 1888 मध्ये बेलफास्टला. जॉन बॉइड डनलॉप हा गुरांचा डॉक्टर. मुलाच्या तीनचाकी सायकलला हिसके बसू नयेत म्हणून त्याने हवेची नळी चढवली. थॉमसनच्या जुन्या पेटंटामुळे डनलॉपचे पेटंट पुढे रद्द ठरले, पण धंदा त्याच्याच नावाने उभा राहिला. चाकाला चिकटवलेला तो टायर पंक्चर झाला की दुरुस्तीला तासन्‌तास लागत. 1891 मध्ये फ्रान्सच्या मिशलँ बंधूंनी काढता-घालता येणारा टायर आणला, आणि वाटेत टायर उघडून पंक्चर काढणे सायकलस्वाराच्या हाती आले. 1895 च्या पॅरिस–बोर्डो–पॅरिस शर्यतीत त्यांनी हवेचे टायर लावलेली मोटार उतरवली. ती वाटभर पंक्चर होत गेली, तरी मोटारीसारखे जड वाहन हवेवर चालू शकते एवढे लोकांनी पाहिले.

तेव्हाच्या रस्त्यांवर घोड्यांच्या नालांचे खिळे पडलेले असत, आणि मोटारींबरोबर जादा चाक देण्याची पद्धत नव्हती. पंक्चर झाले की रस्त्यातच टायर उपसून ट्यूब ठिगळायची. वेल्समधल्या लानेली गावी स्टेपनी रस्त्यावरच्या एका कारखान्याने 1904 च्या सुमारास यावर तोड काढली: आरे नसलेले एक कडे, त्यावर हवा भरलेला टायर, आणि ते बसलेल्या चाकाला बाजूने अडकवायचे. काही वर्षांत पूर्ण जादा चाक देण्याची रीत पडली आणि हे कडे जगातून नाहीसे झाले. हिंदुस्थानातल्या ड्रायव्हरांनी मात्र रस्त्याचे नाव सोडले नाही; जादा चाकाला ते स्टेपनीच म्हणत राहिले.

सुरुवातीचे मोटारीचे टायर अरुंद असत आणि त्यांत 60 पौंड किंवा त्याहूनही जास्त हवा ठासलेली असे. आतले कापड साध्या विणीचे होते. चाक फिरताना उभे-आडवे धागे एकमेकांवर घासून तुटत, त्यामुळे टायर जितका लवचीक ठेवावा तितका लवकर मरे. मग उभे-आडवे विणलेले कापड जाऊन एकाच दिशेने जाणाऱ्या दोऱ्यांचे थर एकमेकांना तिरके बसवण्याची रीत आली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रबरात काजळी मिसळू लागली. टायर काळा झाला आणि त्याची झीज खूपच कमी झाली. या दोन सुधारणांच्या जोरावर 1923 मध्ये फायरस्टोनने रुंद आणि कमी हवेचा ‘बलून’ टायर बाजारात आणला. खडबडीत वाटेच्या दृष्टीने या इतिहासातला हा सर्वांत मोठा टप्पा म्हणावा लागेल. टायर आता थोडक्या हवेवर दबत-फुगत चालला तरी टिकू लागला होता.

त्या थोडक्या हवेचा खरा उपयोग कारखान्यांत नव्हे, वाळवंटात कळला. सहारा ओलांडणारी पहिली मोटार-मोहीम सित्रोएनने 1922 च्या डिसेंबरात काढली, ती मागे चाकांऐवजी रबरी पट्टे असलेल्या गाड्यांची. चाक वाळूत चालणारच नाही, असे तेव्हा बहुतेकांचे मत होते. पण इजिप्तमध्ये पहिल्या महायुद्धात गस्त घालणाऱ्या ब्रिटिश तुकड्या साध्या फोर्ड मोटारी घेऊन लिबियाच्या वाळवंटात हिंडून आल्या होत्या, आणि 1920 च्या दशकाअखेरीस राल्फ बॅग्नोल्ड या लष्करी अधिकाऱ्याने सहकाऱ्यांसह त्याच वाळवंटात खासगी मोहिमा काढल्या. 1930 मध्ये फोर्डच्या मॉडेल ए गाड्या घेऊन त्यांनी वाळूच्या टेकड्यांचा तो प्रचंड पट्टा पार केला, ज्याला चाक शिवू शकत नाही असे मानले जाई. त्यांच्याकडे विशेष यंत्र नव्हते. टायरमधली हवा उतरवायची, गाडी रुतली की चाकांखाली पोलादी पट्ट्या सारायच्या, आणि टेकडीचा कुठला उतार घट्ट व कुठला भुसभुशीत हे वाळूच्या रूपावरून ओळखायचे, एवढ्यावर त्यांनी भागवले. वाळू वाऱ्याने कशी रचली जाते यावर बॅग्नोल्डने पुढे 1941 मध्ये शास्त्रीय ग्रंथ प्रसिद्ध केला. तो आजही वापरात आहे.

हवा उतरवल्याने काय होते, याचे गणित सोपे आहे. टायर जमिनीवर जो दाब टाकतो तो ढोबळमानाने आतल्या हवेच्या दाबाइतकाच असतो. एका चाकावर 900 पौंड वजन असेल आणि टायरमध्ये दर चौरस इंचाला 30 पौंड हवा असेल, तर टायर सुमारे 30 चौरस इंच जमिनीवर टेकतो. हवा 15 वर आणली की तोच टायर 60 चौरस इंचांवर पसरतो. हा पसारा रुंदीत थोडा आणि लांबीत जास्त वाढतो. वाळूला मग निम्माच दाब सोसावा लागतो आणि चाक वर तरंगत जाते. धावेला हे कधीच जमले नसते. तिचा जमिनीवरचा दाब गाडीवानाच्या हातात नव्हता.

या सोयीची किंमत मात्र मोजावी लागते. कमी हवेचा टायर दर फेऱ्याला जास्त वाकतो आणि वाकल्याने तापतो. टणक रस्त्यावर वेगात धावला तर आतले थर सुटतात आणि टायर फुटतो. दगडांवर त्याचे गाल चिरले जातात, किंवा रिम आणि दगड यांच्यात ट्यूब चिमटली जाते. म्हणून वाळू संपली की पुन्हा हवा भरणे आले, आणि त्या मोहिमांत ती हातपंपाने, रणरणत्या उन्हात भरली जाई. आणखी एक बारकावा त्या काळीच ध्यानात आला होता: चालून तापलेल्या टायरमधला दाब वाढलेला दिसतो. तो पाहून हवा सोडणाऱ्याच्या टायरमध्ये थंड झाल्यावर हवा कमी पडते. दाब मोजायचा तो सकाळी, गाडी हलण्यापूर्वी.

दुसऱ्या महायुद्धात हे ज्ञान सैन्याच्या कामी आले. 1940 मध्ये बॅग्नोल्डनेच कैरोत लाँग रेंज डेझर्ट ग्रुप उभा केला. रुंद, कमी हवेच्या टायरांचे ट्रक घेऊन ही तुकडी शत्रूच्या पिछाडीला शेकडो मैल आत जाई. भारतीय घोडदळ रेजिमेंटांतून निवडलेल्या जवानांचे इंडियन लाँग रेंज स्क्वाड्रनही पुढे त्यांच्याबरोबर काम करू लागले. हवा भरण्या-सोडण्याचा त्रास अमेरिकनांनी ‘डक’ या पाण्यात आणि जमिनीवर चालणाऱ्या ट्रकमध्ये संपवला. 1942 च्या या वाहनात ड्रायव्हर आपल्या जागेवरूनच टायरचा दाब बदलू शके. समुद्रातून किनाऱ्याच्या वाळूवर चढताना हवा दहा-बारा पौंडांपर्यंत खाली, पुढे पक्क्या रस्त्यावर चाळीसच्या घरात वर. तशी सोय असलेली लष्करी वाहने आजही बनतात.

त्याच वर्षी जपानने मलाया आणि डच ईस्ट इंडीज घेतल्यावर दोस्त राष्ट्रांचा नैसर्गिक रबराचा जवळजवळ सगळा पुरवठा तुटला. टायरवर नियंत्रणे आली, आणि जुन्या टायरच्या सांगाड्यावर नवी नक्षी चढवण्याच्या धंद्याला सगळीकडे जोर आला. युद्ध संपल्यावर भारताच्या वाट्याला जीप आली. तिचा 6.00-16 मापाचा लष्करी टायर दोन्ही दिशांना सारखाच चाले, कारण त्याच्या नक्षीला पुढचे-मागचे अंग नव्हते. कोणता टायर कोणत्या बाजूला लावायचा हा घोळ रणांगणावर नको, म्हणून ही सोय होती. पण चिखल नक्षीत अडकला की निघत नसे, आणि काळ्या मातीत हा दोष फार जाणवे. त्या मातीसाठी नक्षीच्या ठोकळ्यांमध्ये मोठ्या फटी लागतात, म्हणजे चाक फिरता फिरता चिखल बाहेर फेकला जातो. टायरची रुंदीही इथे वाळूच्या उलट ठरते. चिखलाचा थर पातळ असेल आणि खाली मुरूम असेल, तर अरुंद टायर तो थर कापून घट्ट जमिनीला पोचतो. रुंद टायर वरच्यावर घसरत राहतो.

भारतात टायरचा पहिला कारखाना डनलॉपने 1936 मध्ये बंगालमधील साहागंजला काढला. मुंबईत शिवडीला फायरस्टोन आणि 1958 मध्ये भांडुपला सिएट आली. मद्रासला 1946 मध्ये फुगे बनवू लागलेल्या एमआरएफने 1952 मध्ये टायरवर नव्याने चढवण्याचे रबर बनवायला घेतले आणि पुढे टायर. पण टायर इथे बनू लागला तरी त्याचा वापर वाळवंटातल्या शिकवणीच्या अगदी उलट दिशेने गेला. लिबियात खराब वाटेसाठी हवा उतरवत. देशावरच्या खराब वाटेवर ट्रकवाला हवा वाढवत असे, कारण त्याचे भाडे वजनावर ठरे आणि ट्रकमध्ये कागदावरच्यापेक्षा जास्त माल असे. कमी हवेत इतक्या ओझ्याखाली टायर तापून फाटला असता. टायरची निवड अशी मातीने नव्हे, मालाने केली. 900-20 आणि 1000-20 ही मापे, नायलॉनच्या तिरक्या थरांचे जाड गालाचे टायर, पुढच्या चाकांना सरळ रेघांची नक्षी आणि मागच्या चाकांना आडव्या खोल ठोकळ्यांची, हा सगळा साज भार ओढण्यासाठी होता. सांगाडा भक्कम असल्याने त्यावर पुन्हापुन्हा नक्षी चढवता येई. एसटी महामंडळानेही यासाठी स्वतःचे प्रकल्प चालवले. गुळगुळीत झालेला टायर फेकून देणे ही चैन कच्च्या रस्त्यांच्या मुलखात कुणालाच परवडणारी नव्हती. अगदीच निकामी झालेल्या टायरच्या वहाणा होत.

बैलगाडीपर्यंत हवा पोचली ती याच सुमारास. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात, ऊस तोडून तो वेळेत गव्हाणीत पडणे महत्त्वाचे असल्याने, लोखंडी धावेच्या गाडीची जागा हळूहळू टायरगाडीने घेतली. कारखान्याने गाडी द्यायची, बीड-अहमदनगरकडच्या तोडणी कामगाराने बैल आणायचे, अशी व्यवस्था रूढ झाली. गाडी हलकी चालते हे खरे, पण त्या हलकेपणाचा फायदा बैलाला फारसा मिळाला नाही. जनावरांच्या ओझ्याबाबत केंद्र सरकारने 1965 मध्ये केलेल्या नियमांतच हवेच्या टायरच्या गाडीला साध्या चाकाच्या गाडीच्या दीडपट वजनाची मुभा आहे, आणि बॉल बेअरिंगच्या गाडीला दुपटीची. प्रत्यक्षात रचलेला ऊस या मर्यादेतही राहत नाही. रस्त्याचे मात्र भले झाले. राजस्थान आणि गुजरातेत उंटगाड्यांना विमानांचे जुने टायर लावले जातात. रुंद, कमी हवेचा आणि वाळूत न रुतणारा हा टायर गाडीवानांनी भंगारातून अचूक हेरला.

रेडियल टायरने या जुन्या हिशेबात शेवटचा मोठा बदल केला. मिशलँने 1946 मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्यात गालांतल्या दोऱ्या तिरक्या न जाता आरपार जातात आणि नक्षीखाली पोलादी तारांचा पट्टा असतो. गाल मोकळे वाकतात आणि नक्षी जमिनीवर सपाट राहते. टायर कमी तापतो, जास्त टिकतो आणि हवा उतरवली की लांबट पसरतो. भारतात जेके टायरने 1977 मध्ये तो आणला. मोटारींत तो बऱ्यापैकी लवकर आला, पण ट्रक-बसमध्ये रुळायला एकविसावे शतक उजाडावे लागले. खड्डे आणि जादा भार यांत रेडियलचे पातळ गाल फाटतात, ही ट्रकवाल्यांची तक्रार खोटी नव्हती.

आज सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर जाणाऱ्या चारचाकी गाड्यांना तीन प्रकारचे टायर मिळतात: डांबरी रस्त्याचा, मिश्र वाटांचा आणि निव्वळ चिखलाचा. चिखलाचा टायर दिसायला दणकट असला तरी ओल्या डांबरावर त्याची पकड कमी पडते, तो आवाज करतो आणि इंधन जास्त लागते. घाटातल्या पावसात बहुतेकांना मिश्र टायरच योग्य ठरतो. खडकाळ जांभ्यावर आणि मुरमावर हवा नेहमीच्या 30-35 पौंडांवरून पंचवीसच्या आसपास आणली की दगड टोचत नाहीत आणि हिसके कमी बसतात. कोरड्या मऊ वाळूत पंधरा-अठरापर्यंत उतरावे लागते. ट्यूबलेस टायरमध्ये त्याखाली गेले तर वळणावर टायर रिमवरून सुटण्याचा धोका असतो. त्यामुळे हवा कमी असताना वेग आणि वळणे दोन्ही आवरावी लागतात आणि डांबरी लागण्यापूर्वी हवा पूर्ववत भरावी लागते. डॅशबोर्डच्या लायटरवर चालणारा छोटा पंप आता त्यासाठी पुरतो.

पंक्चरचेही स्वरूप बदलले आहे. ट्यूबलेस टायरच्या नक्षीत घुसलेला खिळा काढून रबरी वात भरणे रस्त्याकडेला पाच मिनिटांचे काम आहे. या भरवशावर 2020 मध्ये केंद्र सरकारने नियम बदलले: टायर ट्यूबलेस असतील, दाब सतत दाखवणारी यंत्रणा असेल आणि दुरुस्तीचा संच असेल, तर प्रवासी मोटारीत जादा चाक नसले तरी चालते. शहरात हे पुरेसे आहे. कच्च्या वाटेवर टायर बहुधा नक्षीत नाही, गालात चिरतो. गाल दर फेऱ्याला वाकतो, त्यामुळे तिथे वात धरत नाही. म्हणून अशा वाटांनी जाणारे लोक पूर्ण मापाचे पाचवे चाक सोबत घेतात आणि महिन्याकाठी त्याचीही हवा तपासतात.